प्लेटीमागची फट

आमच्या सौसरात प्रेमलता कळंबे नावाच्या बाई स्पीकरचे डबे बनवतात. माहेरी, काटोलला, मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भावानं विचारलं, "बनवतात म्हणजे विकतात ना?" नाही, बनवतात. प्लाय कापतात, गोल भोक पाडतात, कोपरे जोडतात, त्यात स्पीकर बसवतात आणि डबा हवाबंद झाला की नाही ते तपासतात. माझं घर त्यांच्या घराला लागून आहे. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये काय चाललंय ते मला भाजी निवडता निवडता दिसतं. शाळेत शिकवून आले की अर्धा तास मी तिथंच असते.

त्यांचे वडील पांढुर्ण्याचे सुतार. दारं-खिडक्या करायचे. थंडीत नवं दार बसवलं की ते लहानग्या प्रेमलतेला म्हणायचे, "फटीजवळ गाल ने. वारा लागला तं सांग." तिनं सांगितलं की तिथं रंधा फिरायचा. लग्न होऊन त्या सौसरला आल्या. यजमान प्रभाकरभाऊ तहसिलीत बाबू. दोन मुली झाल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या. वडील गेले तेव्हा भावानं त्यांची हत्यारं भंगारात काढायचं ठरवलं. प्रेमलताताई पांढुर्ण्याला गेल्या आणि रंधे, पटाशा, गिरमिट, सगळं एका गोणपाटात बांधून बसनं घेऊन आल्या. तेव्हा त्यांचं वय चाळीसच्या आसपास होतं. पुढं दीड वर्ष त्यांनी फक्त पाट आणि देव्हारे केले. मग एका भजनी मंडळानं फुटका डबा दुरुस्तीला आणला आणि त्यांचा रस्ता ठरला.

डबा हवाबंद कशाला लागतो, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी हातातला ब्रश बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलते तशी मागंबी ढकलते. मागची हवा फटीतून पुढं आली का दोघी एकमेकीले खाऊन टाकतात. गायचा आवाज राहते. पण खालचा, पोटातला आवाज जाते. लोकाईले वाटते स्पीकर खराब झाला."

म्हणून स्पीकरच्या कडेखाली त्या फोमची कडी घालतात. शाळेच्या हस्तकलेला जो रंगीत फोम मिळतो ना, तोच. ताटली ठेवून कापतात. स्क्रू एका बाजूनं आवळत नाहीत. एक इकडचा, एक त्याच्या समोरचा, थोडा थोडा, म्हणजे कडी सगळीकडं सारखी दबते. कोपऱ्यांना आतून डिंक आणि भुशाची लापशी. शेवटी पडद्यावर तीन बोटं ठेवून हलकेच आत दाबतात आणि सोडतात. डबा बंद असेल तर पडदा सावकाश, जडपणानं बाहेर येतो. कुठं फट असेल तर झटकन येतो. तसं झालं की पेटती उदबत्ती घेऊन डब्याभोवती फिरायचं. धूर जिथं थरथरेल तिथं फट.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच हिवाळ्यातली, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या रामाकोना गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख प्रकाश खोडे दोन मोठे डबे घेऊन आले. जाळ्या गंजलेल्या, आतल्या तारा उंदरानं कुरतडलेल्या. दत्तजयंती चार दिवसांवर. प्रेमलताताईंनी दोन्ही उघडले, तारा बदलल्या, नवी कडी घालून स्पीकर बसवले, बोटांनी तपासले. दोन्ही पक्के. न्यायला प्रकाशभाऊ आले तेव्हा मागं पाहून म्हणाले, "ताई, हे पिनवालं कनेक्शन नको. आमच्या पोट्टेपाट्याईले जमत नाही. दाबायच्या क्लिपवाली प्लेट लावून द्या ना." गाडी दारात उभी होती. ताईंनी मागची, तारा जोडायची जुनी प्लेट काढली, नवी लावली, चार-चार स्क्रू मारले आणि डबे गाडीत चढवले. प्लेटीमागं कडी घालायची राहिली. पुन्हा बोटं लावून पाहायचंही राहिलं.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशभाऊंचा फोन आला. मी भिंतीजवळच होते. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण त्यांच्या हाताला डिंक लागलेला होता.

"ताई, आवाज साफ आला, पण मृदंगाचा धुम येऊन नाही राहिला."

"गाणाऱ्याचा आवाज कसा आहे?"

"एकदम मस्त. पेटीबी मस्त. फक्त मृदंग वाजते तं टप टप वाजते."

"मृदंग कोन वाजवते?"

"आमचे रघुनाथराव घागरे. चाळीस साल झाले त्याईले."

ताई कामात होत्या. त्या म्हणाल्या, "डबा मी तपासून देल्ला, भाऊ. वाजवणाऱ्याचा हात पहा. वय झालं असन, डावी थाप बसत नसन."

"असंच असन," प्रकाशभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढंच बोलणं. मला ते दोन वर्षं आठवलंही नाही. ताईंनाही नाही.

यंदा संक्रांतीच्या आठेक दिवस आधी त्यातला एक डबा परत आला. ट्रॅक्टरमधून उतरवताना पडला होता, जाळी चेपली होती. प्रकाशभाऊ ठेवून गेले. दुपारी मी शाळेतून आले तर ताई डब्यासमोर बसलेल्या. मला पाहून त्यांनी नेहमीसारखं "या मॅडम" म्हटलं नाही. त्यांनी पडदा दाबला, सोडला. पडदा टकदिशी बाहेर आला. पुन्हा दाबला. पुन्हा टकदिशी.

"पडल्यामुळं कुठं उकललं असेल," मी म्हटलं.

डबा फिरवून त्यांनी मला मागची बाजू दाखवली. काळ्या प्लेटीच्या वरच्या कडेला, प्लायवर, धुळीची एक रेघ होती. झाडूच्या काडीएवढी, वर जाताना फिकी होत गेलेली. खाली तशीच एक. उदबत्ती लावायची गरजच नव्हती.

"हे पडून नाही झालं," त्या म्हणाल्या. "पडून झालं असतं तं धूळ नसती. ही हवा दोन वर्षांपासून येऊन-जाऊन राहिली. धूळ घेऊन येते, ठेवून जाते." त्यांनी स्क्रू काढले, प्लेट उचलली. खाली नुसतं लाकूड. कडी नाही, पुट्टी नाही, काही नाही. "माह्या हातची आहे ही."

त्यांनी तिथूनच प्रकाशभाऊंना फोन लावला. दुसरा डबाही पाठवा म्हणाल्या. मग विचारलं, "रघुनाथराव कसे आहेत?"

"बरे आहेत. वाजवणं सोडलं त्याईनं."

"कधी?"

"झाले ना दोन साल. तुमीच तं सांगतलं होतं ताई, हात पहा म्हणून. मी पंगतीत सगळ्याईसमोर बोलून टाकलं. ते कायी नाही बोलले. पुढच्या गुरुवारी आलेच नाही. आता माहा पुतण्या गौरव ढोलकी वाजवते. ढोलकीले तेवढा धुम लागत नाही ना."

ताईंनी "बरं" म्हटलं. फोन बंद केला आणि हातातली प्लेट किती तरी वेळ उलटसुलट करून पाहत राहिल्या.

संध्याकाळी प्रभाकरभाऊ घरी आले तेव्हा मी पोळीचं पीठ मागायला गेले होते. त्यांना सगळं कळलं होतं. ते वाईट माणूस नाहीत. सरळ सांगत होते. "कडी लावून दे अन् पाठवून दे. काय लपवाछपवी करायची नाही, पण गावभर सांगत कायले फिरायचं? म्हातारा माणूस आहे. त्याले आता सांगून काय व्हते? उलट जास्त लागन."

ताई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "त्याईले लागन म्हणून नाही जाऊन राहिलो आपण, का मले लाज वाटते म्हणून?"

प्रभाकरभाऊंनी माझ्या भांड्यात पीठ मोजून घातलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुसरा डबाही आला होता, त्यातही तेच. दोन्हींच्या प्लेटीमागं कडी घातली, स्क्रू आवळले, बोटं लावून पाहिली. प्रकाशभाऊंच्या गाडीत डबे चढले. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, चालता का? मी एकटी गेली तं कायीतरी बोलून परत येईन."

रामाकोन्याला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. डबे देवळात उतरवायला सांगून आम्ही आधी घागऱ्यांच्या घरी गेलो. अंगणात ताडपत्रीवर तुरी वाळत होत्या आणि त्यांच्या कडेला रघुनाथराव बसले होते. वय सत्तरच्या वर, अंगानं सडपातळ, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांच्या डाव्या हातात एक रबरी चेंडू होता. ते तो दाबत होते, सोडत होते. आम्हाला पाहून त्यांनी चेंडू कुडत्याच्या खिशात टाकला. सून गायत्रीनं आमच्यासाठी खुर्च्या टाकल्या.

ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. ताडपत्रीच्या काठाशी खाली बसल्या. नाव सांगितलं, डबे आपण दुरुस्त केले ते सांगितलं. आणि मग एका दमात, "काका, दोन वर्षांआधी मृदंगाचा धुम येत नव्हता, तो तुमच्या हातामुळं नव्हता. माह्यानं मागच्या प्लेटीले कडी लावायची राहिली होती. फट राहिली. प्रकाशभाऊनं फोन केला तं मी न पाहताच म्हटलं का वाजवणाऱ्याचा हात पहा. ते चुकलं. तेच सांगाले आली."

रघुनाथराव तुरीत बोटं फिरवत राहिले. एक खडा सापडला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"केवढी फट?" त्यांनी विचारलं.

"पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. लांबी वीतभर."

"पोस्टकार्ड," ते म्हणाले. "मी मृदंगाच्या डाव्या पुडीले लावाची कणीक वाढवून पाहिली. कमी करून पाहिली. गव्हाच्या कणकेत रवा टाकून पाहिला, कोन्या बुवानं सांगतलं होतं म्हणून. पुडी आवळाची वादी बदलली. पुडी नवी केली. नागपूरले जाऊन हात दाखवला. डॉक्टर म्हणे वयानं नस कमजोर होते, चेंडू दाबा." त्यांनी खिशातून चेंडू काढून ताईंसमोर ठेवला. "दोन साल दाबून राहिलो."

दारात उभी असलेली गायत्री म्हणाली, "बाबा सकाळी गव्हाच्या पोत्यावर थाप मारून पाहतात जी. त्याईले वाटते आमी झोपलो आहो."

"तू आत जा," रघुनाथराव म्हणाले. ती गेली नाही.

ताई म्हणाल्या, "देवळात डबे लावले आहेत काका. एकदा चलता का? मृदंग घेऊन?"

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "कायले? आता कायले? तवा चार लोकाईसमोर माहा हात गेला म्हणून सांगतलं. माह्या पाठीमागं नाही, पंगतीत. हातात घास होता माह्या. आता तुमी म्हणता हात नाही गेला, चला. मी का तुमच्या डब्याची परीक्षा पाहाले येऊ?"

ताईंनी मान खाली घातली. शेजारच्या घरी कुणी तरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मला वाटलं आता उठावं. पण ताई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नका येऊ काका. मी ते मागाले नाही आली. पण मंडळाच्या लोकाईले मी सांगणार आहे. पंगतीत बोलल्या गेलं होतं, तं त्यायच्यासमोरच सांगते. तुमी या, नका येऊ."

आणि त्या उठून देवळाकडं निघाल्या. मी मागोमाग.

देवळात दहा-बारा माणसं जमली होती. डबे पाहायला म्हणून, आणि गावात रविवारी दुसरं काय असतं म्हणूनही. गौरव ढोलकी घेऊन बसला होता, तिशीचा, शांत मुलगा. ताईंनी डबा फिरवून सगळ्यांना मागची बाजू दाखवली. धुळीची रेघ त्यांनी मुद्दामच पुसली नव्हती. "ही फट माह्यामुळं राहिली. घागरेकाकाच्या हाताचा याच्यात दोष नव्हता. मी न पाहता बोलली आणि तुमी ते खरं मानलं." बायका अशा देवळात उभं राहून फार बोलत नाहीत. त्यांचे शब्द मात्र सगळे नीट आले.

प्रकाशभाऊ कानाच्या मागं खाजवत होते. "मी तं ताईचं नाव घेऊन बोलून टाकलं," ते म्हणाले. "मीबी कान लावून पाहाले पायजे होतं."

तेवढ्यात कोणी तरी म्हणालं, "आले." रघुनाथराव देवळाच्या पायऱ्या चढत होते. मृदंग गायत्रीच्या खांद्यावर होता, निळ्या खोळीत. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. खाली बसले, खोळ काढली, डब्बीतून कणकेचा गोळा काढून डाव्या पुडीवर थापला, पाण्याचा हात फिरवला. मग माईक जवळ ओढून घेतला आणि डाव्या हातानं एकच थाप मारली.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. फरशीवर बसलो होतो, फरशीतून आला. देवळाबाहेर बसलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. रघुनाथरावांनी हात पुडीवर तसाच ठेवला, आवाज पूर्ण विरेपर्यंत. मग दुसरी थाप. मग ठेका सुरू केला आणि प्रकाशभाऊंनी नकळत टाळ उचलले. दोन अभंग झाले. माणसं डोळे मिटून गात होती. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक हात डब्याच्या कडेवर, जणू अजूनही कुठं वारा लागतो का ते पाहत होत्या.

तिसऱ्या अभंगात मला दिसलं की रघुनाथरावांची डावी थाप हळू होत चालली आहे. डबा तोच, माईक तोच. त्यांनी कडवं संपेपर्यंत तोल सांभाळला, मग मृदंग मांडीवरून उतरवला आणि मनगट दाबत बसले.

"थकलं," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी खरं सांगतलं बाई. पण पुरं नाही. हातबी गेलाच आहे थोडासा. डॉक्टर खोटा नव्हता. मले एवढंच माहीत नव्हतं, का हातानं किती खाल्लं अन् डब्यानं किती. मी सगळं हाताच्या नावावर टाकून देल्लं होतं."

प्रकाशभाऊ पुढं झाले. "काका, गुरुवारपासून तुमीच. गौरव बाजूले बसन."

"नाही," रघुनाथराव म्हणाले. "पहिले दोन अभंग मी. मंग गौरव. अन् गौरवले ढोलकी सोडून मृदंग शिकू दे, नाहीतं मी मेल्यावर पुन्हा टप टप." गौरव हसला आणि त्यांच्या पाया पडला. मग त्यांनी ताईंना जवळ बोलावलं. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "हे बोटानं दाबून पाहाचं काय असते, ते मले दाखवा. आमचा डबा आहे, आमाले समजाले पायजे."

ताईंनी दाखवलं. रघुनाथरावांनी दोनदा केलं, मान हलवली.

परतताना आम्ही बसची वाट पाहत उभ्या होतो. मी विचारलं, "हलकं वाटतंय ना आता?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दोन साल कुठून भरून देऊ मी त्याईले? प्लेट बदलता येते." मग बस येते का ते वाकून पाहत, "पण आता जे जड वाटते, ते माहं मले माहीत आहे. पहिले माहीतच नव्हतं."

बस आली. सौसरला उतरेपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी जुनी वही काढली. त्या हिवाळ्यात आणखी कोणाकोणाला क्लिपवाली प्लेट लावून दिली होती, ती नावं शोधली. सहा निघाली. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी सहाही जणांना फोन केले; जिथं जमलं तिथं स्वतः गेल्या, बाकीच्यांना फोनवरच पडदा दाबून पाहायला लावलं. पाच डबे पक्के होते. सहाव्यात फट होती; तो सावरगावच्या एका कुटुंबाचा होता. घरच्या गणपतीपुरता लावायचे. ते म्हणाले, "आमाले तं कायी फरक वाटला नाही बाई." ताईंनी तरीही तिथंच अंगणात प्लेट उघडली, कडी घातली आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आवळून दिले. त्या घरच्या आजी विचारत होत्या, एवढ्या बारीक कामासाठी एवढ्या दूर कशाला आलात. ताईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, रघुनाथरावांचं नाव घेऊन. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग त्याईचा मृदंग ऐकाले आमाले कोन्या गुरुवारी नेता?"